घरात पाहुणे, बाहेर फटाके आणि पलंगाखाली कुत्रा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी ओळख. आमच्याकडे बटाट्या नावाचा देशी कुत्रा आहे, वय ७, वजन १८ किलो, आणि मावशी नावाची मांजर आहे, वाघाची मावशी म्हणून मावशी (आणि हो, भांड्यांना येणाऱ्या मावशींसमोर तिला हाक मारताना दरवेळी पंचाईत होते). राहायला पुण्यात, कर्वेनगर, तिसरा मजला. गणपतीपासून जे सुरू होतं ते दिवाळी, थर्टी फर्स्ट करत रंगपंचमीपर्यंत चालतं आणि त्या काळात बिल्डिंगमधले, ऑफिसमधले, सासरकडचे सगळे तेच तेच प्रश्न फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही. चुका करून शिकलेली आहे, आणि जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं लिहिलंय.

घरी ३०-४० माणसं येणार आहेत. कुत्र्याला आत खोलीत ठेवू की मोकळा सोडू?

आत. माझं उत्तर एवढंच आहे पण लोकांना ते पटत नाही म्हणून जरा लांबण लावते.

कुत्रा प्रेमळ आहे, सगळ्यांना ओळखतो, कोणाला काही करत नाही, हे सगळं मान्य. पण ४० माणसं म्हणजे ८० चपला, ४० वास, दर पाच मिनिटांनी बेल, कोणाच्या तरी हातात वडा, कोणाचं तरी पोर शेपटी धरतंय, आणि आपण स्वतः किचनमध्ये. त्याच्याकडे बघायला कोणी नाही. आमच्या वास्तुशांतीला बटाट्या मोकळा होता आणि मी सारखी "असू दे हो, बघतोय तो" म्हणत होते. प्रसाद वाटताना कोणीतरी दार उघडं टाकलं आणि तो जिन्याने खाली, गेटच्या बाहेर, गायब. अडीच तासांनी एका बसस्टॉपखाली सापडला, थरथरत. ४० माणसांतल्या एकालाही तो जाताना दिसला नव्हता. तेव्हापासून पाहुणे यायच्या अर्धा तास आधी तो बेडरूममध्ये जातो आणि शेवटचा पाहुणा लिफ्टमध्ये शिरला की बाहेर येतो.

खोलीत ठेवणं म्हणजे शिक्षा नाही का? रडतो, दार खरवडतो.

त्याच दिवशी पहिल्यांदा ठेवलंत तर शिक्षाच वाटणार. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ त्या खोलीत त्याचं जेवण द्या, तुम्ही तिथे बसा, मग पाच मिनिटं बाहेर या, मग दहा. खोलीत त्याचं रोजचं अंथरूण हवं (धुतलेलं नको, वासाचंच बरं), पाणी, पंखा, आणि चघळायला काहीतरी. आम्ही रबरी खेळण्यात दही-भात भरून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवतो, तो चाटण्यात तासभर जातो. त्याआधी दुपारी चांगला लांब फिरवून आणा, दमलेला कुत्रा निम्मं काम सोपं करतो. आणि दाराला बाहेरून कडी घाला. नुसतं लोटून ठेवलेलं दार "बाथरूम इकडे आहे का?" म्हणत कोणीतरी उघडतंच.

पण पाहुणेच म्हणतात, "सोडा की त्याला, आम्हाला चालतं."

चालणाऱ्यांचं ठीक आहे, न चालणारे गप्प बसलेले असतात. आणि तुम्ही हा प्रश्न विचारताय याचा अर्थ तुम्हाला नाही म्हणायला अवघड जातंय. भीड भिकेची बहीण म्हणतात. मी आजवर बघितलेल्या कुत्र्या-मांजरांच्या सणासुदीच्या अपघातांत निम्म्या वेळा मालकाला धोका कळलेला होता, फक्त काकांना तोंडावर कसं सांगायचं म्हणून तो गप्प बसला.

तोंडावर सांगवत नसेल तर पाटी लावा, पुण्यात राहून पाटीची लाज कसली. आमच्या बेडरूमच्या दारावर आहे: "आत कुत्रा आहे. तो बरा आहे. तुम्हीही बरे राहा. दार उघडू नये." आणि डायनिंग टेबलपाशी दुसरी: "कुत्र्याचं जेवण झालेलं आहे. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये." लोक हसतात, फोटो काढतात आणि ऐकतात पण.

पळून जाऊ नये म्हणून अजून काय करायचं?

जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर दोन्ही दारं एकदम उघडी राहणार नाहीत हे बघायला एक माणूस नेमा, भाचा-पुतण्या कोणीही. गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला, हे सणाच्या दिवसांत घरातसुद्धा असू दे. मायक्रोचिप करून घेतली तर उत्तम, तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने टोचतात, त्यात १५ आकडी नंबर असतो. पण लोक एक गोष्ट समजून घेत नाहीत, ती जीपीएस नाहीये, कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. कोणीतरी त्याला स्कॅनर असलेल्या दवाखान्यात नेलं तरच उपयोग, आणि तोही चिपच्या नोंदीत तुमचा फोन नंबर अपडेट असेल तर.

खाण्यापिण्यातलं नक्की काय चालत नाही?

इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये टर्की आणि कसले कसले सॉस असतात, आपल्या ताटाचं कोणी सांगत नाही. म्हणून आपलं ताट धरूनच सांगते.

मनुका, बेदाणे, द्राक्षं. ही पहिली कारण आपल्याकडे ती लपलेली असतात. खिरापतीत, शिऱ्यात, प्रसादाच्या पंचखाद्यात, केकमध्ये. कुत्र्याच्या किडनीवर परिणाम होतो आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा हिशेब लागत नाही, एखादा मूठभर खाऊन ठणठणीत आणि एखादा थोडक्यात आडवा. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी यामागे टार्टरिक ॲसिड असावं असं मांडलं. आता टार्टरिक ॲसिड म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय यायला पाहिजे? चिंच. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच किडनीचा त्रास झालेला नोंदवला गेलाय. म्हणजे चिंचगुळाची आमटी, भेळेचं पाणी, पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी हे कुत्र्याच्या ताटात नको.

कांदा-लसूण. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, सगळं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच दिवशी काही दिसत नाही, तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते आणि तोवर आपण पार्टी विसरलेलो असतो. मांजरं याबाबतीत फारच नाजूक, किलोमागे ५ ग्रॅम कांदासुद्धा त्यांना बाधू शकतो. म्हणजे ४ किलोच्या मांजरीला २० ग्रॅम, एक लहानसा कांदाही नाही. म्हणून "रस्सा नाही दिला हो, नुसते रश्श्यातले पीस दिले" हे ऐकलं की माझ्या कपाळात जातं.

चॉकलेट. हे सगळ्यांना माहीत असतं पण चॉकलेट मोदक हा प्रकार आल्यापासून पुन्हा सांगावं लागतं. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. ढोबळ मानाने १० किलोच्या कुत्र्याला ४० ग्रॅम डार्क चॉकलेटने उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, १०० ग्रॅमच्या आसपास गेलं तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत जातं. मिल्क चॉकलेटला त्याच्या दुप्पट-अडीचपट लागतं. कोको पावडर सगळ्यात जहाल.

शुगर-फ्री गोष्टी. घरात डायबेटिसवाले पाहुणे असतात, त्यांच्यासाठी आणलेल्या मिठाईत किंवा पर्समधल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असू शकतं. कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येते, लिव्हरही जाऊ शकतं. पाकिटावर वाचा, आणि पाहुण्यांच्या पर्सेस जमिनीवर ठेवू देऊ नका.

तळलेलं आणि तुपातलं. चकली, करंजी, अनारसे. विष नाहीये, पण एकदम खूप तूप-तेल पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते दुखणं फार वाईट, कुत्रा पुढचे पाय खाली टाकून मागचा भाग वर करून उभा राहतो, नमस्कार केल्यासारखा. दिवाळीनंतर दवाखान्यात ही गर्दी असते.

आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा. यात विष नाही, पण आतड्यात अडकतात आणि ऑपरेशन करून काढावे लागतात. रसाच्या जेवणावळी असतात तेव्हा कोयींचं पातेलं ओट्यावर, झाकण घालून, ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवायचं.

मग द्यायचं काय? साधा उकडलेला भात, मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, गाजराचा तुकडा, काकडी. एखादा पाहुणा फारच मागे लागला "मला काहीतरी भरवायचंय" तर त्याच्या हातात काकडी द्या.

आमच्या आजी ३० वर्षं वाड्यातल्या कुत्र्याला उरलंसुरलं घालायच्या, तेव्हा कुठे काय व्हायचं?

व्हायचं. कोणी मोजत नव्हतं. वाड्यातला कुत्रा पाच-सहा वर्षांत गेला की "म्हातारा झाला होता" म्हणायचे. शिवाय आजी शिळी भाकरी आणि ताक घालायच्या, त्या चॉकलेट मोदक नव्हत्या घालत.

आखाड पार्टी आहे. मटणाची हाडं तरी चालतात ना, कुत्रंच आहे ते?

शिजवलेलं हाड नको. कच्च्या हाडापेक्षा शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या काचेसारख्या कपच्या निघतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. चिकनची पोकळ हाडं तर अजिबातच नको. रश्श्यातल्या हाडाला वर कांदा-लसूण लागलेला असतो, म्हणजे एका दगडात दोन. कबाबच्या काड्याही मोजून कचऱ्यात टाका, त्यांना मटणाचा वास असतो म्हणून कुत्रे आख्ख्या गिळतात.

आणि दारू. "अरे त्याला एक घोट पाजून बघू" म्हणणारा एक तरी मित्र असतोच, तो कितीही जवळचा असला तरी त्याला तिथल्या तिथे सांगा. माणसापेक्षा वजन कमी, त्यामुळे थोडीशी दारूही जास्त होते, तोल जातो, शरीराचं तापमान उतरतं, श्वास मंदावतो. ग्लास जमिनीवर ठेवायचे नाहीत हा आमच्या गच्चीवरचा नियम.

मोठ्या जातीचा, खोल छातीचा कुत्रा असेल, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड वगैरे, तर अजून एक. भरपेट खाऊन लगेच दंगा केला की पोट फुगून पीळ बसू शकतो. पोट ढोलकीसारखं ताणलंय, सारखा ओकारीचा उमाळा येतोय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी गाडी काढायची.

नको ते खाल्लंच तर? मिठाचं पाणी पाजू का?

नाही नाही नाही. मिठाच्या पाण्याने शरीरातलं सोडियम वाढून कुत्रे दगावतात. बोट घालून ओकवायचं नाही, दूध पाजायचं नाही, लिंबू नाही. मांजरीला तर घरी ओकवायचा प्रयत्नसुद्धा नको.

करायचं ते असं. काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि प्राण्याचं वजन, या चार गोष्टी कागदावर लिहा, पाकीट किंवा उरलेला तुकडा पिशवीत टाका आणि डॉक्टरांना फोन करा. ओकवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, साधारण पहिल्या एक-दोन तासांत केलं तरच त्याचा फायदा असतो, म्हणून "बघू, उलटी झाली तर नेऊ" हे धोरण चुकीचं. आमच्या बटाट्याने गौरीजेवणाच्या दिवशी खिरापतीचा डबा पाडला होता, मी फोनवर डॉक्टरांना "थोडीशीच खाल्ली" म्हणाले, त्यांनी विचारलं थोडीशी म्हणजे किती चमचे, आणि मला सांगता येईना. डबा किती भरला होता तेच आठवत नव्हतं. शेवटी सलाईनवर दोन दिवस काढले, किडनीच्या टेस्ट दोनदा केल्या, वाचला.

एक तयारी आधीच करून ठेवा: रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता ते सणाआधीच फोन करून विचारा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शोधायला बसू नका, आणि इंटरनेटवर २४ तास लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, मी एकदा तशाच एका ठिकाणी रात्री १ वाजता कुलूप बघून परत आलेय.

फटाक्यांना आमचा फार घाबरतो. काय करू?

हा प्रश्न दिवाळीच्या दिवशी विचारला तर उत्तर फार छोटं आहे, दोन-तीन महिने आधी विचारला तर मोठं आहे.

आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, मांजरीला ६० हजारांच्याही वर. सुतळी बॉम्ब आपल्याला दचकवतो, त्यांना काय होत असेल बघा. आणि तो आवाज कुठून येतोय, कधी येणार, थांबणार की नाही हे त्यांना समजावता येत नाही.

आधी वेळ असेल तर फटाक्यांचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावायचा, इतका बारीक की कुत्रा फक्त कान हलवेल, आणि त्याच वेळी आवडता खाऊ द्यायचा. दिवसाला पाच-दहा मिनिटं. आठवडाभराने किंचित मोठा. खाऊ घेणं थांबवलं म्हणजे तुम्ही घाई केलीत, परत मागे. पुण्यात तर फुकटची सोय आहे, ढोलपथकांचा सराव. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीकाठाला संध्याकाळी ढोल सुरू होतात. आम्ही बटाट्याला घेऊन आधी इतक्या लांब उभे राहायचो की नुसती धडधड ऐकू यायची, तो बिस्किट खायचा, घरी यायचो. दर दोन-तीन दिवसांनी दहा-वीस पावलं पुढे. दोन सीझन गेले. आता ढोल चालतो त्याला. ताशा अजून नाही चालत, पण तो मलाही नाही चालत.

ऐन दिवशी: मोठा फेरफटका दुपारी ४ च्या आत उरका, अंधार पडल्यावर फक्त खाली जाऊन शी-शू, तेही पट्टा आणि हार्नेस दोन्ही घालून. नरकचतुर्दशीला उलटं असतं हे बाहेरगावहून आलेल्यांना माहीत नसतं, पहाटे ५ ला अभ्यंगस्नान आणि पाठोपाठ लडी, त्या दिवशी सकाळचं फिरणं ९ नंतरच. घरात सगळ्यात आतली खोली निवडा, खिडक्या बंद, पडदे, पंखा फुल, टीव्ही नेहमीच्या आवाजात. पलंगाखाली गेला तर जाऊ द्या, ओढून काढू नका, ती त्याची जागा आहे. जवळ आला तर कुशीत घ्या. "लाड केले की अजून घाबरट होतो" हे जुनं खूळ आहे, भीती ही काही सवय नाही की लाडाने वाढेल.

कायद्याचं विचारत असाल तर सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीचे फटाके रात्री ८ ते १० एवढेच म्हटलं होतं. आमच्या गल्लीतली घड्याळं बहुतेक मागे पडतात.

झोपेची गोळी देऊ का?

स्वतःच्या मनाने नाही. घरातली माणसांची तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. एकाच्या कुत्र्याची गोळी दुसऱ्याच्या कुत्र्यालाही नाही.

पण "गोळी म्हणजे वाईट" हेही नको. ज्याची भीती खरंच टोकाची आहे, काचेवर उड्या मारतो, जबडा रक्ताळेपर्यंत दार चावतो, त्याला भीती कमी करणारी औषधं डॉक्टर देतात, ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन वगैरे, आणि त्याने खरंच फरक पडतो. आठवडाभर आधी एकदा देऊन बघायला सांगतात, म्हणून दिवाळीच्या आधीच जा. नुसतं एसीप्रोमझीन (गुंगी आणणारं औषध) मात्र आता एकटं द्यायला नको म्हणतात, शरीर सुस्त होतं, हलता येत नाही, पण भीती तशीच राहते. बघणाऱ्याला वाटतं शांत झोपलाय.

आम्ही पेठेत राहतो. विसर्जनाच्या दिवशी काय?

लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, चारही मिरवणुकीचे. गाडी घराबाहेर निघत नाही, रिक्षा आत येत नाही, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. भिंती हलतात. घाबरट, म्हातारा किंवा हृदयाचा त्रास असलेला प्राणी असेल तर आदल्या दिवशीच लांबच्या नातेवाइकाकडे पोचवा, धायरी, बावधन, कुठेही. आमच्याकडे दरवर्षी सदाशिव पेठेतला एक पग येतो राहायला. मावशी त्याच्याशी दोन दिवस बोलत नाही, बाकी सगळं ठीक असतं.

मांजरीचं काही करायला लागतं का? ती आपली लपून बसते.

लोक मांजरीला गृहीत धरतात. ती लपते म्हणजे ठीक आहे असं नाही. तिला बंद खोली, उंच जागा, पाणी आणि रेतीचा ट्रे त्याच खोलीत. ट्रे पाहुण्यांच्या गर्दीतून जावं लागेल अशा जागी असेल तर ती लघवी धरून ठेवते, आणि बोका असेल तर ताणामुळे त्याची लघवी अडकू शकते. ट्रेमध्ये सारखा बसतोय, कण्हतोय, थेंबही नाही, तर एक दिवसही थांबू नका, जिवावरचं आहे ते. पाहुणे गेल्यावर दिवसभर काही खाल्लं नाही तरी डॉक्टरांना फोन करा, मांजरींना उपास झेपत नाही, लिव्हरवर येतं.

दोरे हा दुसरा विषय. राखीचा गोंडा, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, फुग्याची रिबन, गिफ्टची फीत. मांजरीची जीभ खरखरीत, गिळलेला दोरा बाहेर येत नाही, आत आतच जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. तसंच न्यायचं.

बाल्कनीची जाळी नसेल तर फटाक्यांच्या दिवसांत बाल्कनी बंद.

फुलं, कापूर, पणत्या?

लिली. पाहुणे बुके आणतात त्यात असते. मांजरीला परागकण अंगावरून चाटले तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी किडनी जाते. मांजर असलेल्या घरात लिलीचा बुके दारातूनच शेजाऱ्यांना द्या. निशिगंधाला घाबरायचं कारण नाही, ती खरी लिली नव्हे. कण्हेर मात्र पूजेच्या टोपलीत असते, लाल-पांढरी काय, पिवळी काय, हृदयावर परिणाम करते, निर्माल्य उंच ठेवा.

कापूर गोड वासाचा दिसतो पण पोटात गेला तर फिट येऊ शकते, आणि वड्यांची डबी कायम देवघरात खालच्या फळीवर असते. धूप-उदबत्तीने मांजरीला आणि पक्ष्यांना त्रास होतो, एक खिडकी उघडी ठेवा. पोपट, लव्हबर्ड असतील तर त्यांचा पिंजरा त्या दिवशी किचनपासून लांब, नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या धुराने पक्षी पटकन मरतात.

पणत्या शेपटीच्या उंचीच्या वर. बॅटरीच्या पणत्या सुरक्षित म्हणून आम्ही आणल्या, मग लक्षात आलं की आत बटणासारखा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. स्क्रू असलेल्याच घ्या.

लहान मुलं येणार आहेत, त्यांना कुत्र्याशी खेळायचंय.

एक मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर, फोन खिशात. जेवताना, झोपताना, पलंगाखाली असताना कुत्र्याजवळ नाही. मिठी नाही. ओठ चाटतोय, भूक-झोप नसताना जांभया देतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, मान फिरवतोय, म्हणजे त्याला बास झालंय. गुरगुरला तर रागावू नका, त्याने सांगितलं हे बरं केलं, मुलाला बाजूला घ्या. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

आणि चावलाच तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली तरी इंजेक्शनं लागतील का ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त लसीचं कार्ड फाइलमधून काढून द्या. कार्ड सापडत नसेल तर आजच शोधा. "काही नाही हो, ओरखडा आहे" असं पाहुणा म्हणेल, तो भिडेपोटी म्हणतोय.

रंगपंचमी?

रंग नाही. कोरडाही नाही, कारण तो अंग चाटतो. लागलाच तर आधी कोरड्या फडक्याने झटका, मग कोमट पाणी आणि कुत्र्यांचा शाम्पू, रॉकेल-टर्पेन्टाइन नाही. थंडाईची भांडी सांभाळा, भांग प्यायलेला कुत्रा डुलतो, दचकतो, उभ्या उभ्या लघवी गळते. अशा वेळी डॉक्टरांना खरं सांगा, ते पोलिसात देत नाहीत, आणि खरं कळलं नाही तर उगाच भलत्या टेस्ट करत बसतात.

गावाला जायचंय, बोर्डिंगमध्ये ठेवू का?

ठेवा, पण आधी एकदा स्वतः जाऊन बघा आणि एक रात्र ट्रायल ठेवा. कुंपण किती उंच, रात्री माणूस असतो का, फटाके किती ऐकू येतात. लसीचं कार्ड न मागणाऱ्या ठिकाणी ठेवू नका, ते तुमचं मागत नाहीत म्हणजे बाकीच्यांचंही मागत नाहीत. केनेल कफ (कुत्र्यांचा पसरणारा खोकला) आणि पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस काही आठवडे आधी होऊ दे. दिवाळीची जागा गणपतीतच भरते.

सोसायटीने नोटीस लावलीय, कार्यक्रमाच्या दिवसांत प्राणी लिफ्टने आणायचे नाहीत.

ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला प्राणी पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही, ठराव केला तरी. पण मी स्वतः त्या चार दिवसांत जिन्याने जाते. गर्दीच्या लिफ्टमध्ये बटाट्यालाच नको असतं. सेक्रेटरींशी भांडायला बाकीचं वर्ष आहे.

खालच्या भटक्या कुत्र्यांसाठी काही?

पार्किंगमधलं एक कोपऱ्याचं शटर रात्री अर्धं उघडं ठेवायला वॉचमनकाकांना सांगा, पाण्याचं भांडं ठेवा. शेपटीला लड बांधणारं पोर दिसलं तर त्याच्या आईबापांना बोलवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला क्रूरपणे वागवणं गुन्हा आहे, आणि जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे आवाज न चढवता सांगितलं तरी पुरतं.

पार्टी संपली, पाहुणे गेले. आता सोडलं तर चालेल ना?

आधी जमीन बघा. सोफ्याखाली काड्या, टाचण्या, फुग्याचे तुकडे, कोणाच्या तरी हातून पडलेला चॉकलेट मोदक. मग कचऱ्याची पिशवी. सगळ्या हाडांचा, कोयींचा, कांद्याचा अर्क त्या एका पिशवीत असतो आणि ती आपण सकाळी कचरेवाला येईपर्यंत दारापाशी ठेवतो. आमची रात्रभर स्कूटरच्या डिकीत असते. दोनदा विसरून ऑफिसला नेलीय.